बाळापूर : बापलेकांच्या गावी

शेगावला दर्शनाला, नाहीतर अकोल्याला लग्नाकार्याला तुम्ही एकदा तरी गेला असालच. अकोल्याहून खामगावच्या वाटेला लागलं, की दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, पऱ्हाटीची शेतं, मधूनच तुरीचे पट्टे. पंचवीस-सव्वीस किलोमीटर झाले, की बाळापूर. एस.टी. थोडा वेळ थांबते, कुणी उतरतं, कुणी चढतं, आपण खिडकीतून पाटी वाचतो आणि मांडीवरचं मूल सांभाळत पुढं जातो. बहुतेकींचं बाळापूर एवढंच असतं.

पण एकदा खाली उतराच. एक सबंध दिवस मोकळा काढा आणि हे गाव बघा. बघण्यासारखं म्हणाल तर दोनच गोष्टी, एक किल्ला आणि एक छत्री. पण या दोहोंच्या मागं इतक्या बापलेकांच्या कहाण्या आहेत, की घरी परतल्यावर जेवणाच्या ताटावर बसलेल्या आपल्या दोघांकडे, म्हणजे मुलाकडे आणि त्याच्या वडिलांकडे, आपण जरा निराळ्या नजरेनं पाहू लागतो.

मन आणि म्हैस या दोन नद्यांचा इथं संगम आहे. संगमाजवळच्या उंचवट्यावर किल्ला उभा आहे. आपल्या देशावरच्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या डोळ्यांना हा जरा वेगळाच वाटतो, कारण हा जमिनीवरचा, विटांचा किल्ला. उंचच उंच तट, भक्कम बुरूज, आणि एकापाठोपाठ एक असे तीन दरवाजे. पहिला ओलांडला की वाटतं, झालं, आलो आत; तर पुढं दुसरा, मग तिसरा. पावसाळ्यात नद्या फुगल्या की किल्ल्याला पाण्याचा वेढा पडे.

हा किल्ला बांधायला घेतला आझमशहाने. हा औरंगजेबाचा मुलगा. पुरा केला तो मात्र अचलपूरच्या नवाबाने, इस्माईलखानाने, 1757 मध्ये. ज्यानं सुरू केला त्याला तो पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. मार्च 1707 मध्ये औरंगजेब वारला, आझमशहाने स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं, आणि तिसऱ्याच महिन्यात, जूनमध्ये, आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत थोरल्या भावाविरुद्ध लढताना तो मारला गेला. त्याच लढाईत त्याचा तरुण मुलगा बिदरबख्त हाही पडला. बापाची गादी मिळवायला गेलेले बापलेक एका दिवशी संपले!

आणखी शंभर वर्षं मागं गेलं, तर असाच दुसरा एक राजपुत्र भेटतो. 1596 मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने शहर वाचवलं, पण तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. तो ताब्यात घेणारा होता अकबराचा मुलगा मुराद. त्यानं बाळापूरपासून काही मैलांवर शहापूर वसवलं आणि तिथं तळ ठोकला. अकबरासारखा बाप, हाताशी फौज, खजिना, मोठमोठे सरदार. कशाची म्हणून उणीव नव्हती. पण दारूने त्याला पोखरलं आणि 1599 मध्ये, तिशीही न गाठता, तो दक्षिणेतच वारला. त्याला काय कमी पडलं असेल, हा प्रश्न कुठल्याही आईला पडेल.

आता छत्रीकडे चला. मन नदीच्या काठावर ही काळ्या दगडाची, तीसेक फूट उंचीची सुबक छत्री मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाते. जयसिंग म्हणजे 1665 मध्ये शिवाजीमहाराजांशी पुरंदरचा तह करणारा तोच. महाराजांनी आग्र्याला जावं म्हणून त्यानं शब्द दिला, की तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही. पण आग्र्यात जयसिंग नव्हता, तो इकडे दक्षिणेत होता. तिथं होता त्याचा मुलगा रामसिंग. शब्द बापाने दिलेला, जामीन मात्र मुलाला राहावं लागलं. महाराज संभाजीराजांसह आग्र्याहून निसटले आणि बादशहाची खप्पामर्जी ओढवली ती रामसिंगावर. पुढच्याच वर्षी, 1667 मध्ये, जयसिंग बुऱ्हाणपूरला वारला.

छत्रीच्या दगडी चौथऱ्यावर टेकून हे सगळं आठवलं, की वाटतं, बापाचं नाव ही चीज कशी आहे? कुणाला ते गादी देतं, कुणाच्या गळ्यात जामिनकी घालतं. आणि मुलगा? त्याला कुणी विचारतच नाही, की बाबा रे, तुला काय हवंय?

वऱ्हाडात कुठल्याही गावी नवखं पोर दिसलं, की म्हातारीकोतारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "कोनाचं पोट्टं व्हय रे तू?" नाव नंतर. आधी बापाचं नाव. आपल्याला त्यात वावगं काही वाटत नाही. उलट त्यात आपुलकी असते. पण जी पोरं हाती बॅट घेऊन मैदानात उतरतात आणि ज्यांचे बापही एकेकाळी त्याच मैदानात गाजलेले असतात, त्यांना हा प्रश्न जन्मभर पुरतो. बाळापुरात हे मनात यायचं कारण सांगते. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अमरावती, आणि आपल्या मराठी क्रिकेटमधल्या एका बापलेकांच्या जोडीची मुळं तिथं आहेत.

हेमंत कानिटकर यांचा जन्म 8 डिसेंबर 1942 चा, अमरावतीचा. अमरावती म्हणजे व्यायामाचं गाव. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथं 1914 पासून आहे. कानिटकर पुढं महाराष्ट्राच्या संघातून खेळले. यष्टिरक्षण करायचे आणि फलंदाजीही भक्कम. रणजी आणि तसल्या मोठ्या सामन्यांतून त्यांनी पाच हजारांवर धावा केल्या. पण भारताच्या संघाचं दार उघडलं ते वयाची बत्तिशी जवळ आल्यावर. 22 नोव्हेंबर 1974 ला बंगलोरला वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी सुरू झाली, आणि कानिटकर त्यात पहिल्यांदा खेळले. समोर अँडी रॉबर्ट्सचा तुफानी मारा. हेल्मेट वगैरे तेव्हा कुठलं! पहिल्याच डावात त्यांनी 65 धावा काढल्या. व्हिव्हियन रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज यांचीही ती पहिलीच कसोटी. त्या दोघांची नावं पुढं जगभर झाली. कानिटकरांना मात्र एवढीच, आणि मग दिल्लीची, अशा दोनच कसोट्या मिळाल्या. दोन्ही मिळून धावा 111.

आता मैत्रिणींनो, तारखा जरा नीट पाहा. हेमंतरावांचा मुलगा हृषीकेश जन्मला 14 नोव्हेंबर 1974 ला, पुण्यात. म्हणजे वडील भारताकडून पहिल्यांदा मैदानात उतरले, तेव्हा बाळ अवघं आठ दिवसांचं होतं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बारावा दिवस धरला, तर बारशाचा दिवसही बरोबर त्या कसोटीतच येतो. त्या घरात बारसं केव्हा झालं, कसं झालं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ज्या कुणी बाळंतिणीच्या खोलीत दिवस काढले आहेत, तिला ते घर डोळ्यांपुढं उभं करायला कुणी सांगायला नको. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पाळण्यात नुकतं डोळे उघडणारं मूल, आणि नवरा शेकडो मैलांवर आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा देतोय. धावफलकावर 65 लिहिलं गेलं. घरची बाजू कुठल्याच फलकावर लिहीत नाहीत.

त्या काळात क्रिकेट खेळून घर चालत नसे, हेही लक्षात ठेवायला हवं. कसोटीचा मोबदला अगदी जुजबी. बँका आणि कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत, तीच खरी मिळकत. खेळ सुटला की नाव उरे, पण नावावर किराणा मिळत नाही. आजच्या लिलावांचे कोटींचे आकडे ऐकणाऱ्या मुलांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

हृषीकेश मोठा झाला, वडिलांसारखाच महाराष्ट्राकडून खेळू लागला, मात्र डाव्या हाताने. आणि मग आला 18 जानेवारी 1998, रविवारचा दिवस. तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. ढाक्याला पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना. पाकिस्तानने 48 षटकांत 314 केलेल्या, आणि तोवर एवढ्या धावांचा पाठलाग करून कुणीही जिंकलं नव्हतं. सौरव गांगुलीचं शतक झालं, रॉबिन सिंग खेळला, तरी शेवटी उजेड कमी होत गेला आणि गडी पडत गेले. दोन चेंडू, तीन धावा. गोलंदाज सकलेन मुश्ताक. तेवीस वर्षांच्या हृषीकेशने चेंडू मिडविकेटकडे टोलवला. चौकार! संध्याकाळी पोळ्यांचा तवा तसाच शेगडीवर आणि सगळं घर दूरदर्शनसमोर, असं त्या दिवशी किती घरांत झालं असेल!

त्यानंतर हृषीकेशला जो तो ओळखू लागला तो त्या एका चौकारामुळे. वडील म्हणजे "वेस्ट इंडीजविरुद्ध 65 करणारे", आणि मुलगा म्हणजे "तो ढाक्याचा चौकार". पुढं 1999 च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात त्याला कसोटी खेळायला मिळाली. आणि योगायोग असा, की त्याच्याही वाट्याला दोनच कसोट्या आल्या! एकूण धावा 74. बाप दोन, लेक दोन. चारी कसोट्यांतल्या दोघांच्या धावा मिळून 185.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, काय राहिलं हाती? पण गोष्ट इथं संपत नाही. भारताच्या संघातून नाव गेल्यावर हृषीकेश आणखी बरीच वर्षं रणजी क्रिकेट खेळला. प्रथम दर्जाच्या सामन्यांत दहा हजारांवर धावा आणि 33 शतकं. राजस्थानच्या संघाला कधी रणजी करंडक मिळाला नव्हता; तो 2010-11 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मिळाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळाला. 9 जून 2015 ला हेमंतराव पुण्यात वारले. त्यानंतर काही आठवड्यांतच मुलानेही खेळातून निवृत्ती जाहीर केली. आणि पुढं तो शिकवू लागला. 2022 मध्ये एकोणीस वर्षांखालच्या आपल्या मुलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक हृषीकेश कानिटकर होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारताच्या महिला संघाच्या फलंदाजीची जबाबदारी त्याच्याकडे आली. म्हणजे अमरावतीत जन्मलेल्या बापाकडून आलेली विद्या शेवटी आपल्या मुलींपर्यंत पोचली.

आता बाळापूरच्या त्या राजपुत्रांशी ताडून पाहा. मुरादला वऱ्हाड आयता मिळाला. आझमशहाला फौज आयती मिळाली. कानिटकरांच्या मुलाला काय आयतं मिळालं? आडनाव मिळालं. घरात बॅट मिळाली, खेळाची भाषा कानावर पडली. पण मैदानात उतरल्यावर फलकावर त्याच्या नावापुढं शून्यच होतं. बापाच्या 65 धावा काही त्याच्या खात्यात जमा झाल्या नव्हत्या. क्रिकेटचं हे मला फार आवडतं. इथं कितीही मोठ्याचा मुलगा असो, पहिला चेंडू त्याला शून्यावरच खेळावा लागतो.

तरीही लोक तोलायचं सोडत नाहीत. आणि हा तोल मुलाला किती जड जातो, ते दुसऱ्या एका घरात दिसतं. विजय मांजरेकर हे आपले केवढे मोठे फलंदाज! 55 कसोट्या, 3208 धावा. त्यांचा मुलगा संजय. वडिलांचा आपल्याला धाक वाटायचा, त्यांच्या रागाची भीती वाटायची, असं संजयने 2017 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात मोकळेपणी लिहिलं आहे. ऑक्टोबर 1983 मध्ये विजयराव अचानक वारले. संजय तेव्हा अठरा वर्षांचा. आणखी चार वर्षांनी तो भारताकडून पहिली कसोटी खेळला. ती पाहायला वडील नव्हते. 1989 मध्ये लाहोरला त्यानं 218 धावा केल्या. वडिलांची सर्वांत मोठी खेळी नाबाद 189 ची होती. म्हणजे आकड्यात मुलगा पुढं गेला. पण एकदा तरी पाठीवर हात ठेवून "छान खेळलास हं" म्हणणारा माणूस मात्र तेव्हा नव्हता. म्हणून म्हणते, घरातल्या वडीलधाऱ्यांनी कौतुक उद्यावर टाकू नये.

बडोद्याच्या गायकवाडांचं घर याच्या उलट, दीर्घायुषी. दत्ताजीराव गायकवाड 1959 मध्ये भारतीय संघ घेऊन इंग्लंडला गेले. ती मालिका आपण पाचही कसोट्यांत हरलो. कर्णधारावर किती टीका झाली असेल! त्यांचा मुलगा अंशुमन 40 कसोट्या खेळला. 1976 मध्ये किंग्स्टनला मायकेल होल्डिंगचा चेंडू त्याच्या कानावर बसला आणि 81 धावांवर त्याला मैदान सोडावं लागलं. तरी तो पुन्हा खेळायला उभा राहिला, आणि 1983 मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध अकरा तासांहून अधिक वेळ चिकाटीने खेळून 201 धावा केल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये दत्ताजीराव वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले, आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस अंशुमनही गेला. सगळं आयुष्य बापलेक बरोबरीनं जगले म्हणायचे.

आणि गावसकर? त्यांच्या घरची गंमत आपल्या दृष्टीनं निराळीच आहे. चिखलवाडीतल्या घरात छोट्या सुनीलला चेंडू टाकायची ती त्याची आई, मीनलताई. टेनिसचा चेंडू, जवळचं अंतर. एकदा सुनीलने असा फटका मारला, की चेंडू थेट आईच्या नाकावर बसून रक्त आलं. तिनं तोंड धुतलं, आणि खेळ पुढं सुरू! मीनलताई म्हणजे कसोटीपटू माधव मंत्री यांची बहीण. मामाच्या घरी भारताचा स्वेटर पाहून भाच्याला तो अंगात घालावासा वाटला, तेव्हा मामानं सांगितलं, की हा मागून मिळत नाही, घाम गाळून कमवावा लागतो. भाच्यानं कमवला, 125 कसोट्या, 10122 धावा. पुढं त्याचा मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं रोहन जयविश्व. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ या तीन आवडत्या खेळाडूंवरून. बघा, बारशालाच क्रिकेट! रोहन बंगालकडून खेळला, 2004 मध्ये भारताकडून अकरा एकदिवसीय सामनेही खेळला. कसोटी नाही. पण अकरा वेळा देशाचा गणवेश अंगावर चढणं हे काय थोडं आहे? ज्या घरात दहा हजारांची मोजपट्टी भिंतीवर टांगलेली असते, त्या घरातच ते थोडं वाटतं.

अलीकडचं उदाहरण सचिनचं. सचिनचे वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांनी मुलाला कविता करायला बसवलं नाही, त्याला त्याचं मैदान दिलं. सचिनने डिसेंबर 1988 मध्ये रणजीच्या पहिल्याच सामन्यात शतक काढलं. त्याचा मुलगा अर्जुन मुंबई सोडून गोव्याकडून खेळू लागला आणि डिसेंबर 2022 मध्ये त्यानंही रणजीच्या पहिल्या सामन्यात शतक ठोकलं. पण तो मुख्यतः डावखुरा वेगवान गोलंदाज आहे. बापाची वाट धरली तरी तिच्यात आपली पाऊलवाट काढता येते, ती अशी.

तुम्ही म्हणाल, सगळं मुलग्यांचंच चाललंय. मुलींचं काय? तर ऐका. प्रा. दि. ब. देवधर हे आपल्या क्रिकेटचे भीष्माचार्य, एकशे एक वर्षं जगले. त्यांच्या मुलींनी, तारा, सुंदर आणि सुमन यांनी, बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतीपदं मिळवली, आणि तीही चाळीसच्या दशकात, जेव्हा पुष्कळ घरांत मुलीला सायकलसुद्धा देत नसत. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार. त्यांची मुलगी चंद्रा नायडू क्रिकेटचं समालोचन करणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. सांगलीच्या स्मृती मानधनाचे वडील आणि भाऊ जिल्ह्याच्या पातळीवर खेळले. भावाचं पाहून ती खेळू लागली, आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची ती उपकर्णधार होती. आणि अशोक मंकड यांचं घर तर पाहण्यासारखंच. आजोबा विनू मंकड कसोटीपटू, वडील अशोक कसोटीपटू. पण आई निरुपमा टेनिसपटू, 1971 मध्ये विम्बल्डनला खेळलेली. त्यांचा मुलगा हर्ष काय खेळला? टेनिस! डेव्हिस करंडकात भारताकडून खेळला. वारसा बापाकडूनच येतो असं थोडंच आहे?

आणि ज्यांच्या घरी वारसाच नाही त्यांचं? विदर्भाच्या संघाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकला. या संघातून खेळलेले अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे अकोल्याचे. उमेश यादव नागपूरजवळच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, तो भारताकडून पन्नासावर कसोट्या खेळला. त्यांना "कोनाचं पोट्टं" विचारलं, तर मैदानावर उत्तर द्यायला बापाचं नाव कामाचं नव्हतं. त्यांनी आपलंच नाव बापाला मिळवून दिलं.

तर मग आपण घरी काय करावं? हा काही पाककृतीसारखा मापाने सांगायचा विषय नाही, पण दोन-तीन गोष्टी मनाशी ठेवाव्यात. मुलगा खेळून आला, की "किती धावा काढल्यास?" याच्याआधी "भूक लागली का?" विचारावं. "तुझ्या वयात तुझे बाबा..." हे वाक्य तोंडाशी आलं, तर गिळून टाकावं; दुकान असो, वकिली असो, शेती असो, सगळ्याच घरांना हे लागू आहे. आणि त्याच्या वडिलांनाही एकांतात सांगावं, की तुमचा डाव तुम्ही खेळलात, आता त्याला त्याचा खेळू द्या. हे सांगायचं काम आपल्यावाचून दुसरं कुणी करणार नाही.

बरं, जायचं कसं तेही सांगून टाकते. अकोल्यापर्यंत मुंबई-नागपूर मार्गावरची गाडी, पुढं एस.टी. किंवा रिक्षा. पारसचं रेल्वे स्टेशन त्याहून जवळ, पण तिथं सगळ्या गाड्या थांबत नाहीत. दिवस निवडा ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. हुरड्याचे दिवस असतात, हवा छान असते. चैत्र-वैशाखात मात्र चुकूनही नको; वऱ्हाडाचं ऊन पंचेचाळिशीच्या वर जातं. पाण्याची बाटली, डोक्याला रुमाल किंवा ओढणी, पायात सपाट चप्पल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या, म्हणजे मुलं कुरकुरत नाहीत. तट आणि बुरूज उंच आहेत, लहानांचा हात सोडू नका. वऱ्हाडात ओळखीचं घर असेल, तर रोडगे आणि वांग्याची भाजी यांचा आग्रह मोडू नका. संध्याकाळी शेगाव गाठता येतं.

आणि निघण्यापूर्वी किल्ल्याच्या दक्षिणेला असलेलं बाळादेवीचं देऊळ पाहायला विसरू नका. देऊळ लहानसंच आहे. पण गावाला बाळापूर हे नाव पडलं ते या देवीवरून. किल्ला आझमशहाने सुरू केला, नवाबाने पुरा केला, छत्री जयसिंगाची म्हणतात. गावाचं नाव मात्र यांच्यातल्या कुणाचंच नाही.

आपल्या धावफलकावर अजून एच. एस. कानिटकर आणि एच. एच. कानिटकर असंच लिहितात. पहिल्यात श्यामसुंदर, दुसऱ्यात हेमंत. बापाचं अक्षर मुलाच्या नावात बसलेलं. पण 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या सरकारी नोंदीत, बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. या मुलांपैकी कुणीतरी वीस-बावीस वर्षांनी भारताकडून खेळायला उतरेल. तेव्हा फलकावर त्याच्या नावातलं मधलं अक्षर नीट वाचा हं. ते कदाचित त्याच्या आईचं असेल.